लाळेच्या थेंबावरून कॅन्सर कळतो का, असं विचारणाऱ्यासाठी

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. वडील अठ्ठावन्न वर्षांचे, तीस वर्षं तंबाखू-चुना आणि वरून सुपारीचे पाउच. सोन्याची चिप आणि प्रकाश वापरून लाळेच्या एका थेंबातून कॅन्सर ओळखतात, सुई नाही की चाकू नाही, असं तुमच्या वाचनात आलं. हे आपल्या इंदूरला कॅटमध्येच, म्हणजे लेझरवर काम करणाऱ्या केंद्र सरकारच्या संशोधन संस्थेतच बनतं, असंही कुणीतरी सांगितलं. तेव्हा ही तपासणी कुठं होते, भरवशाची किती, आणि तोवर एका लॅबचं ४,९९९ रुपयांचं 'कॅन्सर पॅकेज' करून घ्यावं का, हे तुम्ही विचारलंय. बायोप्सी बाबांना नको आहे. ती केली की कॅन्सर पसरतो म्हणतात. आणि अगदी शेवटी एक ओळ आहे: 'तसा त्रास काही नाही, फक्त तिखट झोंबतं आणि पाणीपताशे (पाणीपुरी) खायचे सोडलेत, तोंडात मावत नाहीत म्हणतात.'

माझ्या मते सगळा प्रश्न त्या शेवटच्या ओळीत आहे. पण सेन्सरचं उत्तर आधी देते, नाहीतर ते डोक्यातून जाणार नाही आणि 'ताईंनी विषय टाळला' असं वाटत राहील.

मी बायोकेमिस्ट आहे. बावीस वर्षं इथल्याच लॅबमध्ये गेली आणि त्यातली सहा वर्षं एका छोट्या गटाबरोबर नेमक्या याच जातीच्या सेन्सरवर काम केलं. मी तोंडाची सर्जन नाही, त्यामुळे बाबांना काय झालंय ते मी सांगू शकत नाही. हा सेन्सर काय पाहतो आणि काय पाहत नाही, एवढं मात्र ठामपणे सांगू शकते.

काचेच्या तुकड्यावर सोन्याचा थर चढवलेला असतो, जाडी साधारण ५० नॅनोमीटर. सराफ्यात मिळणारा सोन्याचा वर्खसुद्धा यापेक्षा जाड असतो. ही चिप उजेडासमोर धरली की सोनं पिवळं दिसत नाही, निळसर-हिरवं दिसतं. पहिली चिप पाहिली तेव्हा मला वाटलं होतं, माल चुकीचा आला. खालून प्रिझममधून लेझर सोडायचा. एका ठरावीक कोनाला सोन्यातले इलेक्ट्रॉन त्या प्रकाशाबरोबर डोलायला लागतात आणि परतणारा प्रकाश एकदम मंदावतो. हा कोन नेमका कुठं पडेल हे सोन्याच्या वरच्या अंगाला काय चिकटलंय यावर ठरतं. म्हणून सोन्यावर आधी अँटिबॉडी बसवतात आणि मग नमुना सोडतात. हवं ते प्रथिन अँटिबॉडीला धरून बसलं की कोन किंचित सरकतो. ते सरकणं मोजायचं. स्वीडनच्या संशोधकांनी हे १९८३ मध्ये करून दाखवलं आणि १९९० मध्ये त्यावर चालणारं यंत्र विकायलाही आलं. म्हणजे बातमीत 'क्रांतिकारी' म्हणून छापलेली ही कल्पना चाळिशीची आहे.

मग ती आजवर कोपऱ्यावरच्या लॅबमध्ये का आली नाही?

कारण या सेन्सरला कॅन्सर कळत नाही. त्याला एवढंच कळतं की सोन्यापासून वर साधारण २०० नॅनोमीटरच्या आत काहीतरी बदललं. आमच्या खोलीत मे महिन्यात दर वीसेक मिनिटांनी आलेख एक सुबक उंचवटा घ्यायचा. दोन दिवस आम्ही खुशीत होतो, तिसऱ्या दिवशी कळलं की तो एसीचा कंप्रेसर आहे. पाण्याचा अपवर्तनांक, म्हणजे ते प्रकाश किती वळवतं याचं माप, तापमानाच्या एका अंशाला जेमतेम दहा हजारांश भागानं बदलतो, पण चांगला सेन्सर दहा लाखांश बदल पकडतो. म्हणजे अंशाच्या शंभराव्या भागाचा फरकही त्याला स्वच्छ दिसतो. तो फरक कॅन्सरच्या प्रथिनाचा की उन्हाळ्याचा, हे सांगणं त्याच्या हातात नाही.

त्यानंतर लाळ. ती ९९ टक्के पाणी असते, पण उरलेला एक टक्का फार चिकट. पहिला नमुना हौसेनं मीच दिला, सकाळी पोहे खाऊन, वर शेव आणि जीरावण. रेष जी वर गेली ती धुऊनही खाली येईना. त्या आलेखावर विश्वास ठेवला असता तर मला कॅन्सर होता आणि चांगलाच पसरलेला होता. लाळेतलं म्युसिन नावाचं चिकट प्रथिन सोन्यावर साखरेच्या पाकासारखं बसतं. पुढे आम्ही उपाशीपोटी, चूळ भरून, ठरलेल्या वेळी नमुने घ्यायला लागलो, लाळ सेंट्रिफ्यूज करायला लागलो, चिपच्या मोकळ्या जागा गाईच्या रक्तातल्या अल्ब्युमिन या प्रथिनानं आधीच बुजवायला लागलो. शेजारी अँटिबॉडी नसलेला दुसरा पट्टा ठेवून त्याचं माप वजा करायचं, हेही शिकलो. एवढं केल्यावर सेन्सर शहाण्यासारखा वागायला लागला. पण आता तो 'घरच्या घरी एक थेंब' राहिला नव्हता.

रक्ताची गोष्ट वेगळी, पण सोपी नाही. सीरमच्या (रक्त गोठल्यावर उरणाऱ्या पिवळसर द्रवाच्या) एका मिलिलिटरमध्ये सुमारे ७० मिलिग्रॅम प्रथिनं असतात. प्रोस्टेटसाठी जे पीएसए मोजतात त्याची रूढ मर्यादा ४ नॅनोग्रॅम. भागाकार करून बघा, पावणेदोन कोटींत एक. तेवढी गर्दी आपल्याकडे अनंत चतुर्दशीच्या झांक्यांच्या रात्रीही जमत नाही, आणि त्या गर्दीतून चेहरा न चुकता एकच माणूस ओळखायचाय. शोधनिबंधांतले आकडे तर याहून बारीक असतात. 'ॲटोमोलरपर्यंत पकडतो' असं वाचलंत तर हिशेब करा: एक ॲटोमोलर म्हणजे एका मायक्रोलिटरात सरासरी एकही पूर्ण रेणू नाही, ०.६ रेणू. पन्नास मायक्रोलिटरचा चांगला मोठा थेंब घेतला तर त्यात तीस रेणू, आणि त्यांनी आपले आपण तरंगत चिपपर्यंत यायचं. तेव्हा तो आकडा बहुधा स्वच्छ बफरमधला, म्हणजे क्षारांच्या साध्या द्रावणातला असतो, माणसाच्या लाळेतला नाही.

तुम्ही म्हणाल, मग गरोदरपणाची पट्टी कशी चालते? तीही थेंबावरच चालते आणि तिच्यातली ती गुलाबी रेघ म्हणजेसुद्धा सोन्याचे कण असतात. बरोबर. पण तिथं प्रश्न सोपा आहे. पट्टी जे संप्रेरक शोधते ते एरवी शरीरात जवळजवळ नसतं आणि गरोदरपणात भराभर वाढतं. कॅन्सरला असा एकच एक दाखला नाही. सीईए नावाचं प्रथिन १९६५ मध्ये आतड्याच्या कॅन्सरमध्ये सापडलं, आणि पुढे दिसलं की धूम्रपान करणाऱ्या निरोगी माणसातही ते वाढलेलं असतं. पीएसए प्रोस्टेट नुसती वाढली तरी चढतं. तोंडाच्या कॅन्सरमध्ये लाळेतलं इंटरल्युकिन-८ हे प्रथिन वाढतं हे खरं, पण हिरड्या सुजल्या तरी तेच वाढतं. तीस वर्षं तंबाखू खाल्लेल्या माणसाच्या हिरड्या कशा असतात ते तुम्ही घरी रोज पाहताय.

आता आमची फजिती सांगते, कारण अशी बातमी कशी वाचायची हे मी तिच्यातूनच शिकले. आम्ही तोंडाच्या कॅन्सरचे वीस आणि निरोगी वीस नमुने घेतले. निकाल इतका सुंदर आला की दोन्ही गट आलेखावर दोन वेगळ्या वस्त्यांसारखे दिसले, मध्ये एकही घर नाही. आम्ही मिठाई आणली. तेव्हा आमच्या गटातल्या एका ज्येष्ठ पॅथॉलॉजिस्टनं, जे एरवी फार बोलत नसत, विचारलं, 'निरोगी कोण होते?' आमचेच विद्यार्थी होते, बाविशीचे, तंबाखूला हात न लावलेले. आणि रुग्णांचे नमुने तीन महिने फ्रीझरमध्ये गोठवलेले, विद्यार्थ्यांचे त्याच सकाळचे ताजे. मग आम्ही विद्यार्थ्यांची लाळ गोठवली, वितळवली आणि परत लावली. त्यातले बरेचसे नमुने कॅन्सरच्या वस्तीत राहायला गेले. आमचा सेन्सर रोगी आणि निरोगी नाही, फ्रीझर आणि ताजं ओळखत होता, तेही अगदी अचूक.

म्हणून कुठलाही निकाल वाचताना '९५ टक्के अचूक' या शब्दांवर थांबू नका. तुलना कुणाशी केली ते शोधा. तुमच्या बाबांच्या वयाच्या, तितकाच तंबाखू खाणाऱ्या, पण कॅन्सर नसलेल्या माणसांशी केली असेल तरच तो आकडा तुमच्या कामाचा. नमुना कुणाचा हे मोजणाऱ्याला माहीत होतं का, हेही बघा.

आकडा खरा धरला तरी एक गोम राहतेच. समजा एक लाख माणसं तपासली आणि त्यांत शंभरांना खरोखर आजार आहे. तपासणी शंभर रोग्यांपैकी नव्वद पकडते आणि शंभर निरोग्यांपैकी नव्वदांना बरोबर सोडते. चांगली वाटते ना? खरे रुग्ण सापडले ९०, आणि उगाच घाबरवलेली निरोगी माणसं ९,९९०. म्हणजे ज्याच्या हातात 'पॉझिटिव्ह' कागद पडला त्याला खरंच आजार असण्याची शक्यता शंभरात एकाहूनही कमी. त्या सगळ्यांना पुढे काय करायचं? बायोप्सीच. जी टाळायला आपण निघालो होतो.

आणि लवकर सापडलं म्हणजे जीव वाचलाच असंही नाही. ब्रिटनमध्ये दोन लाखांहून अधिक स्त्रिया घेऊन अंडाशयाच्या कॅन्सरसाठी मोठी चाचणी झाली. काहींचं रक्तातलं सीए-१२५ वर्षानुवर्षं मोजलं. त्याचे २०२१ मध्ये आलेले निकाल असे की आजार लवकरच्या टप्प्यावर सापडला, पण त्यानं मरणाऱ्यांची संख्या कमी झाली नाही. हा निकाल वाचून मी दोन दिवस गप्प होते. आमच्या धंद्याचा पायाच 'लवकर पाहा' हा.

हे सगळं वाचून मी या तंत्राच्या विरोधात आहे असं समजू नका. कॅन्सरची तपासणी प्रकाशावर चालणं तुमच्या गल्लीत केव्हाच सुरू झालंय. पीएसए किंवा सीईएचा रिपोर्ट काढून बघा, खाली बारीक अक्षरांत 'सीएलआयए' लिहिलेलं असेल. म्हणजे नळीत रसायनानं मिणमिणता उजेड पाडला आणि यंत्रानं तो मोजला. उपचारानंतर आजार परत डोकं वर काढतोय का, हे बघायला अशा तपासण्या फार उपयोगी पडतात, कारण तिथं तुलना त्याच माणसाच्या मागच्या आकड्याशी असते, जगाशी नसते. आतड्याच्या कॅन्सरसाठी शौचातलं न दिसणारं रक्त शोधतात, तीही शरीराला हात न लावणारी आणि खरोखर कामाची तपासणी. लाळेच्या सेन्सरची पहिली खरी नोकरीही मला अशीच कुठंतरी दिसते, ऑपरेशन झालेल्या रुग्णाच्या पाठपुराव्यात. आज मात्र बाबांना घेऊन जावं आणि रिपोर्टवर उपचार ठरवावेत, अशी लाळेची ऑप्टिकल तपासणी इंदूरला करून घेण्यासारखी नाही.

कॅटबद्दल तुम्हाला कुणी सांगितलं ते अर्धं खरं आहे. आरआर कॅटनं तोंडाच्या कॅन्सरसाठी 'ऑन्कोडायग्नोस्कोप' नावाचं हातात नेण्याजोगं उपकरण बनवलंय. पण ते लाळ तपासत नाही, थेट गालाच्या आतल्या त्वचेवर प्रकाश टाकतं आणि तिथून परत येणारी चमक वाचतं. निरोगी त्वचा त्या प्रकाशात एका रंगानं चमकते, बिघडलेल्या जागी खालचं कोलॅजेन नावाचं तंतुमय प्रथिन मोडल्यामुळे ती चमक बदलते. संशयाची जागा कुठं आहे हे दाखवायला अशी साधनं चांगली. मात्र सुपारीनं गाल आतून आवळले गेले असतील तर तिथं कोलॅजेन उलट वाढलेलं असतं, मग तो हिशेब गुंतागुंतीचा होतो. आणि उपकरणानं बोट दाखवलं तरी शेवटचा निकाल मायक्रोस्कोपखालचा तुकडाच देतो.

आता बाबा.

पाणीपताशा मावत नाही आणि तिखट झोंबतं, या दोन गोष्टी सुपारी-पाउच खाणाऱ्याच्या तोंडून एकत्र ऐकल्या की आमच्याकडचा कुठलाही दंतवैद्य हातातलं काम ठेवून वर बघेल. सबम्युकस फायब्रोसिस नावाचा विकार असा सुरू होतो. सुपारीमुळे गालाचा आतला भाग पांढुरका, कडक होत जातो आणि तोंड उघडणं कमी कमी होतं. तो स्वतः कॅन्सर नाही, पण त्याच्यातून कॅन्सर होऊ शकतो. बाबांना तोच आहे असं मी म्हणत नाही. मी म्हणते की तुम्ही 'निरोगी माणसाची चाळणी' शोधताय, आणि बाबा त्या रांगेत उभेच नाहीत. ज्याला लक्षण आहे त्याची तपासणी वेगळी असते आणि ती लगेच करायची असते.

आज संध्याकाळी त्यांना त्यांचीच तीन बोटं, तर्जनी ते अनामिका, उभी करून समोरच्या दातांमध्ये घालायला सांगा. जात नसतील तर तोंड उघडणं कमी झालंय. मग मोबाइलची टॉर्च लावून दोन्ही गाल आतून, जिभेच्या दोन्ही कडा, जिभेखाली आणि जिथं तंबाखू ठेवतात ती जागा नीट बघा. पांढरा किंवा लाल चट्टा, कडक गाठ, दोन-तीन आठवड्यांत न भरलेला छाला दिसला तर लिहून ठेवा कुठं आहे ते. काही दिसलं नाही तरीही दाखवायला जायचंच, कारण तुम्हाला काय बघायचं ते पुरतं माहीत नाही. या टॉर्चला हसू नका. केरळात तिरुअनंतपुरम जिल्ह्यात १९९६ पासून प्रशिक्षित कार्यकर्त्यांनी घरोघर जाऊन लोकांची तोंडं नुसत्या डोळ्यांनी तपासली. २००५ मध्ये निकाल आले तेव्हा तंबाखू किंवा दारू घेणाऱ्यांमध्ये तोंडाच्या कॅन्सरनं होणारे मृत्यू सुमारे ३४ टक्क्यांनी कमी झालेले दिसले. ब्रिटनच्या त्या रक्ततपासणीला जे जमलं नाही ते इथं जमलं, कारण हा आजार उघड्यावर असतो, तो थेंबात हुडकावा लागत नाही.

कुठं जायचं ते तुमच्या सोयीनं ठरवा. शासकीय दंत महाविद्यालय आहे, एमवाय या सरकारी रुग्णालयाचा कान-नाक-घसा विभाग आहे, किंवा तोंडाच्या विकारांचा माहीतगार खाजगी डॉक्टर चालेल. पुढचं सगळं काय सापडतं त्यावर अवलंबून. नुसतं आवळलेलं तोंड असेल तर सुपारी-तंबाखू त्याच दिवशी बंद, तोंड उघडण्याचे व्यायाम, औषधं आणि ठरावीक महिन्यांनी परत दाखवणं. चट्टा किंवा न भरणारी जखम असेल तर बायोप्सी सांगतील, आणि सांगितली तर करा. दात काढताना देतात तसं बधिर करणारं इंजेक्शन देऊन काही मिलिमीटरचा तुकडा घेतात, माणूस त्याच दिवशी घरी येतो. बायोप्सीनं कॅन्सर पसरतो हे मी बावीस वर्षं ऐकतेय. झालेलं असं असतं की लोक घाबरून सहा महिने थांबतात, आजार आपल्या गतीनं वाढतो, मग बायोप्सी होते आणि बोल तिला लागतो.

४,९९९चं पॅकेज घेऊ नका. त्यात बहुधा सीईए, पीएसए, सीए १९-९ वगैरे असेल. पुरुषांच्या पॅकेजात सीए-१२५ घातलेलंही मी पाहिलंय. त्यातलं एकही बाबांच्या गालाबद्दल काही सांगत नाही. उलट सगळे आकडे हिरव्या रंगात आले की बाबा म्हणतील, 'बघ, काही नाही', आणि पाउच परत खिशात जाईल. मला भीती पैशांची नाही, या हिरव्या कागदाची आहे.

बाबांना न्यायचं कसं, तेवढं एक. आमच्या पिढीच्या माणसांना 'कॅन्सरची तपासणी' म्हटलं की ती घराबाहेर पडत नाहीत. दात आणि तोंड उघडण्याची तक्रार दाखवायला जाऊ या म्हणा, ते खोटंही नाही. किती वर्षं, दिवसाला किती पाउच आणि कुठल्या गालात, हे डॉक्टरांना तुम्ही सांगा, ते निम्मेच सांगतील. आणि बायोप्सी झालीच तर नुसता कागद घेऊन येऊ नका. स्लाइड आणि मेणाचा ब्लॉक लॅबकडून मागून घ्या आणि घरात थंड, कोरड्या जागी ठेवा. पुढे मुंबईला दाखवायची वेळ आली तर तिथं पहिल्या दिवशी तोच मागतात.